खताचा बोर्ड

टीव्हीवर नायक-नायिका जरा जास्त जवळ आली की माझा उजवा अंगठा आपोआप हलतो. हातात काही नसलं तरी हलतो. माझी बायको शबाना ते बघते आणि हसते. "राहू द्या आता," म्हणते, "तुमची ड्युटी कधीच संपली." पण अंगठ्याला कोण सांगणार?

मी मंचरचा केबलवाला. धंदा आता मुलगी सना आणि जावई बघतात, आणि तो केबलचा राहिलेलाही नाही. घरोघर इंटरनेटची लाइन द्यायची, भिंतीवर स्मार्ट टीव्ही टांगायचा आणि त्यात कुठलं ॲप कसं उघडायचं ते शिकवायचं, असा तो धंदा. मी दुकानात बसतो, चहा पितो आणि जुन्या गिऱ्हाइकांनी बोलावलं की जातो. बोलावणं मात्र अजून येतं, आणि बहुतेक वेळा ते त्या अंगठ्यापायीच येतं.

ज्यांनी केबलचा काळ पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. मार्केट यार्डाजवळ एका धान्याच्या दुकानावर माझी खोली होती. गच्चीवर सिग्नल पकडणाऱ्या छत्र्या, खोलीत यंत्रांची चळत आणि तिथून निघालेल्या तारा हायवेच्या कडेने पार कळंबपर्यंत. बाहेरच्या चॅनेलांबरोबर आमचं स्वतःचंही एक चॅनेल असायचं. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, गावातल्या दुकानांच्या जाहिराती आणि लोकांच्या फर्माइशीचा सिनेमा. सिनेमा मी लावायचो. म्हणजे मी इकडे तो सुरू केला की मंचरमधल्या डॉक्टरच्या हॉलमध्ये आणि कळंबच्या मळ्यातल्या पडवीत तोच सिनेमा एकाच वेळी दिसायचा. आता हे सांगितलं की माझे नातू तोंडाकडे बघत राहतात.

माझ्यासमोर दोन बटणांची एक पेटी होती. एक बटण सिनेमाचं आणि दुसरं कॅमेऱ्याचं. कॅमेरा खोलीतल्या एका मोठ्या हार्डबोर्डकडे तोंड करून उभा असायचा. त्या बोर्डावर खतांच्या एका दुकानाची जाहिरात पेंटरकडून रंगवून घेतली होती: हिरवंगार शेत, वर पिवळाजर्द सूर्य आणि मधोमध युरियाचं पोतं खांद्यावर घेऊन हसणारा शेतकरी. एवढं पोतं खांद्यावर असताना माणूस इतका का हसतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

एकदा दुपारी सिनेमा चालू असताना एक वहिनी जिना चढून थेट खोलीत आल्या. रागाने लाल झाल्या होत्या. "सलीमभाऊ, सासरे समोर जेवत व्हते," त्या म्हणाल्या, "आन् टीव्हीत त्यांचं ते सुरू झालं. मामंजींच्या हातातला घास तसाच राहिला. मी वाढायला पुढं जाऊ का आत पळू, सांगा!" पुढच्या सिनेमात तसा प्रसंग आला तेव्हा मी दुसरं बटण दाबलं. सगळ्या पंचक्रोशीच्या पडद्यावर युरियावाला हसत उभा राहिला. प्रसंग संपल्यावर पुन्हा सिनेमा. दुसऱ्या दिवशी त्याच वहिनींनी डबा भरून पुरणपोळ्या पाठवल्या, आणि सरकारने पास केलेला सिनेमा पुन्हा एकदा पास करण्याचं काम असं माझ्या गळ्यात पडलं.

कोणी मला नेमलं नव्हतं. कुठे थांबायचं, कुठे नाही, हे मीच ठरवायचो. कॉलेजची पोरं मला मनापासून शिव्या घालायची. पण घराघरांतून निरोप यायचे ते आभाराचे. आमच्याकडची रीत अशी, की पडद्यावर नको ते दिसू लागलं की घरातला कर्ता पुरुष खाकरतो, उठतो आणि "गोठ्यात बघून येतो" म्हणत बाहेर पडतो. त्या सिनेमांच्या दिवसांत आमच्या तालुक्यातल्या म्हशींना वैरणीची कधी कमतरता पडली नसावी. माझ्या बोर्डामुळे त्या माणसांचं उठणं वाचायचं, एवढंच.

लोक हुशार असतात. काही दिवसांतच सगळ्यांना कळलं की खताची जाहिरात लागली म्हणजे मागे काय चाललंय. खतांच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, तणतणत माझ्याकडे आले.

"भाई, हे काय लावलंय? गिऱ्हाइकं दुकानात येत्यात आन् मपल्या तोंडाकडं बघून हसत्यात. काल एक जण म्हणला, अण्णा, रातच्याला तुमची जाहिरात लई लांबली!"

"बदलू का मग? कापडवाले मागतायत ती जागा."

अण्णांनी दाराकडे बघितलं, मग बोर्डाकडे. "नको," ते म्हणाले. "समदं गाव डोळं फाडून बघतंय ती एकच जाहिरात हाये. राहू द्या."

मग घरोघर डिश आल्या, मोबाइल आले, आमचं चॅनेल बंद पडलं आणि बोर्ड अण्णांच्या गोदामात गेला. आता ॲपचा जमाना आहे. यात सर्वांसाठी एक हात नसतो. ज्याच्या त्याच्या हातात रिमोट. काय बघायचं ते आपण निवडायचं आणि काय नाही तेही आपणच. शिवाय आता उसात बिबटे आलेत, त्यामुळे दिवस कलला की कोणी घराबाहेर राहत नाही. गोठ्यात बघून येतो म्हणायचीही सोय उरली नाही. दारं लावून आजोबा, सुना, नातवंडं सगळी एका खोलीत, एका टीव्हीपुढे. आणि टीव्हीत पूर्वी सिनेमावाल्यांनी ज्याचा नुसता भास दिला असता, ते आता सगळं उघड दिसतं, शिव्यांसकट. मग मला फोन येतो.

मी जातो आणि शांतपणे समजावतो. मालिका सुरू होताना कोपऱ्यात वय लिहिलेलं असतं. रस्त्यावरची वळणाची पाटी वाचतो तसं ते वाचायचं. मुलांसाठी वेगळं खातं काढून देतो. मोठ्यांच्या खात्याला नंबरचं कुलूप लावतो. बघूच नका म्हणणारा मी नाही. यांतल्या काही मालिका इतक्या चांगल्या असतात की शबाना आणि मी जेवण विसरतो. फक्त काय, कोणासोबत आणि केव्हा, एवढं आपलं आपण ठरवावं.

मंचरच्या एका निवृत्त गुरुजींनी मला बोलावून नातवंडांसाठी म्हणून सगळ्याला कुलूप लावून घेतलं. मी नंबर सांगायला लागलो तर कानांवर हात ठेवले. "मला सांगू नका. कळला तर मीच उघडीन." आठवड्याभराने त्यांचा फोन आला. "सलीमभाई, चहाला या ना. आणि येताना तो नंबरही घेऊन या. त्या परदेशी मालिकेतला खुनी कोण ते राहून गेलंय." डिंभे धरणाजवळच्या एका आजींकडे मी सुनेच्या तक्रारीवरून गेलो होतो. आजी गुन्हेगारीच्या मालिका बघतात आणि त्यांत फार शिव्या असतात, अशी तक्रार. आजी म्हणाल्या, "आपल्या घरात काय शिव्या कमी हायेत का? ते तरी बटन दाबलं का गप बसत्यात." मी कुलूप न लावता परत आलो. आजींनी दिलेली धरणातली मासळी मात्र घेऊन आलो.

पण हे सगळं मी लिहायला घेतलं ते दत्तूभाऊंमुळे.

दत्तूभाऊ कळंबचे. कांदा आणि ऊस करतात. माझ्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक. सिनेमात काही यायच्या आत वास लागल्यासारखे उठून गोठ्यात जाणारे. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली. लहानपणी माझ्या खोलीत येऊन फर्माइशी सांगायची आणि विचारायची, "काका, हा पोतंवाला सारखा सारखा का येतो?" मी सांगायचो, "त्याला खत विकायचंय ना." पुढे ती पुण्याला कॉलेजात गेली, नाटकांत कामं करू लागली, मग मुंबईला गेली. गेल्या हिवाळ्यात एका मालिकेत तिला मोठं काम मिळालं. ॲपवरची, अठरा वर्षांवरच्यांची.

त्या मालिकेत एक प्रसंग होता. कोणी तरी तेवढाच कापून मोबाइलवर सोडला आणि तो गावभर फिरला. मालिका कोणीच बघितली नव्हती. तो तुकडा मात्र सगळ्यांनी बघितला होता. दत्तूभाऊंनी सकाळी डेअरीला दूध घालायला जाणं सोडलं. दूध शेजाऱ्याच्या हाती जाऊ लागलं.

एका दुपारी ते माझ्या दुकानात आले. कांदा यार्डात उतरवून आले होते, अंगावर कांद्याची टरफलं तशीच होती. चहा घेतला. पाऊसपाण्याचं बोलले. दुसरा चहा घेतला. मग कपाकडे बघत म्हणाले,

"भाई, तुमचा तो खताचा बोर्ड हाये का अजून?"

मला एकदम सगळं कळलं.

"पोरगी म्हणती," ते सांगू लागले, "बाबा, लोकांचं सोडा. तुमी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा आन् मंग मला सांगा, घरी येऊ का नको. तुमी बघून सांगितल्याबिगर मी यायची न्हाई. गावची यात्रा तोंडावर आली, भाई. दर यात्रंला येती ती. मंदा रोज दाराकडं बघती." मंदा म्हणजे त्यांची बायको. "दोनदा लावून बसलो मी. त्ये येणार म्हणून आधीच उठलो, गोठ्यात गेलो. मंग परत आत यायचा पायच उचलंना. आन् तिला खोटं सांगायचं न्हाई मला. मपली पोरगी हाये, खोटं लगीच वळखती."

"मी येतो," मी म्हणालो. "पण आधी मला बघावी लागेल. कुठे काय आहे ते माहीत पाहिजे."

"बघा," ते म्हणाले आणि मान खाली घातली. त्या एका शब्दात त्यांनी माझ्यावर केवढं ओझं आणि केवढा विश्वास टाकला, हे मला घरी पोहोचल्यावर जाणवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शबाना आणि मी ती चार भागांची मालिका बघितली. जमिनीच्या एका दलालाची गोष्ट होती. तो बायकोच्या माहेरची जमीन हडपण्यासाठी तिच्याशी गोड वागतो, तिच्याकडून सह्या घेतो; आणि हे कळल्यावर ती बाई कोणतीही आरडाओरड न करता त्याला पुरतं उघडं पाडते. वैशाली ती बाई होती. तो प्रसंग नवरा-बायकोचा होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. ज्या पोरीला लहानपणी मी लिमलेटच्या गोळ्या दिल्या तिला असं बघणं मला जमलं नाही, आणि ते न जमणं मला चुकीचंही वाटत नाही. शबानाने मात्र नजर हटवली नाही.

"बेचारी कितनी खुश है," ती हळूच म्हणाली. "उसको लगता है सच्चा प्यार है." मग म्हणाली, "ये नहीं दिखाते तो आगे का रोना समझता ही नहीं."

शबानाचं म्हणणं खरं होतं. मोबाइलवर फिरणाऱ्या त्या तुकड्यात नेमकं हेच नव्हतं. शेवटी मी डोळे पुसत होतो.

बोर्डासाठी अण्णांकडे गेलो. ते आता थकलेत, दुकान मुलाकडे आहे, पण गल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसतात. बोर्ड हवाय म्हटल्यावर म्हणाले, "आता कशाला?"

"एका घरी लावायचाय."

अण्णांनी कोणाच्या घरी ते विचारलं नाही. गोदामातून बोर्ड काढवला, स्वतःच्या उपरण्याने त्यावरची धूळ झटकली. "न्या," ते म्हणाले. "आन् पूर्वी लावायचात तेवढा वेळ लावा. घाई करू नका."

दत्तूभाऊंच्या पिकअपमध्ये उभा बोर्ड बांधून आम्ही दुपारीच कळंबला गेलो, कारण संध्याकाळी सगळी भावकी टीव्हीला जमते. फाट्यावर एकाने हाक मारलीच: "काय भाई, खताचं दुकान टाकलं का काय?" "टाकलं," मी म्हणालो. दत्तूभाऊ पुढे बघून गाडी चालवत होते.

मंदावहिनींनी दार लावून घेतलं. दोघं पलंगावर बसली, मधे थोडं अंतर ठेवून. बोर्ड भिंतीला टेकवून मी स्टुलावर बसलो. मालिका सुरू झाली. वैशाली पहिल्यांदा पडद्यावर आली, तिने पाहुण्याला पाणी देण्याआधी तांब्या पदराने पुसला, डाव्या हाताने, उलटा धरून. वहिनी पुढे वाकल्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "ह्ये तर मी करते!" दत्तूभाऊ पहिल्यांदा हसले.

ती जागा जवळ आली तसे दत्तूभाऊंचे पाय जमिनीवर सरकायला लागले. मी उठलो, बोर्ड उचलला आणि टीव्हीपुढे धरून उभा राहिलो. वहिनींनी आवाज बंद केला. इतकी वर्षं मी लांबच्या खोलीत बसून हे केलं होतं. बोर्ड लागल्यावर घरात माणसं काय करतात, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आता माझं तोंड त्यांच्याकडे होतं. दत्तूभाऊ त्या हसऱ्या शेतकऱ्याकडे एकटक बघत होते. दोन्ही हातांनी त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली होती, जशी चालत्या टेम्पोत धरतात. वहिनी टीव्हीकडे बघत नव्हत्या, बोर्डाकडेही नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"झालं का?" दत्तूभाऊ म्हणाले.

मी मान वळवून टीव्हीकडे ओझरतं बघितलं. "अजून नाही."

"हात दुखत असतील हो तुमचे," वहिनी म्हणाल्या. "स्टुलावर टेकवा की."

"नको, वहिनी. सवय आहे."

सवय बटण दाबायची होती, बोर्ड पेलायची नव्हती. माझे खांदे भरून आले होते. पण मला त्या क्षणी अण्णांचे, त्या रागावलेल्या वहिनींचे, ज्यांनी ज्यांनी मला घरात घेतलं त्या सगळ्यांचे पाय धरावेसे वाटले. मुसलमानाचा पोरगा, खांबांवर चढून तारा ओढणारा. त्याला माणसांनी आपल्या देव्हाऱ्याच्या खोलीत नेलं, सुना-लेकींपुढे बसवलं आणि आम्ही काय बघावं ते तू सांभाळ म्हणाले. एवढं दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळालं असतं?

प्रसंग संपला. मी बोर्ड खाली ठेवला. दत्तूभाऊ जागेवरच होते.

पुढचं सगळं त्यांनी बघितलं. सह्यांचं कळल्यावर वैशाली चुलीपुढे एकटी बसते, रडत नाही, फक्त कांदा चिरत राहते. तिथे वहिनींनी तोंडाला पदर लावला. शेवटी ती भर पंचायतीत उभी राहून नवऱ्याचं नाव घेते तेव्हा दत्तूभाऊ मोठ्याने म्हणाले, "हाण!" आणि मग आपल्याच आवाजाने दचकले.

मालिका संपली. ते उठून बाहेर गेले, हौदावर तोंड धुतलं. आत आले, उपरण्याने चेहरा पुसला आणि मुलीला फोन लावला. मोबाइल पलंगावर ठेवला, आम्हा सर्वांना ऐकू जाईल असा.

"बघितली," ते म्हणाले.

तिकडून अगदी बारीक आवाजात: "सगळी, बाबा?"

दत्तूभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग बोर्डाकडे.

"समदी. मधी खताची जाहिरात लागली व्हती, तेवढी सोडून."

पलीकडून हसणं फुटलं, लहानपणी माझ्या खोलीत यायचं तसंच खळखळून, आणि हसता हसता कधी त्याचं रडणं झालं ते कळलं नाही. वहिनीही रडू लागल्या. हुंदके देत पोरगी म्हणाली,

"सलीमकाकांना आणलंत तुम्ही? बोर्ड घेऊन?"

"मंग काय करणार?"

"म्हणजे बाबा... तुम्ही उठून गोठ्यात गेला नाहीत?"

दत्तूभाऊंनी पलंगाच्या कडेवरून हात फिरवला.

"न्हाई गेलो," ते म्हणाले. "बसून व्हतो. तू ये."

यात्रेच्या दिवशी सकाळी ती फाट्यावर उतरली. तिला आणायला दत्तूभाऊ स्वतः गेले होते, पायी. आणि घराकडे जाण्याआधी एका हातात तिची बॅग आणि दुसऱ्यात दुधाची किटली घेऊन, तिला सोबत घेऊन डेअरीवर गेले.